धातूच्या फेसातून उष्णतेची वाट

अनारसा तळताना गृहिणीचे लक्ष एकाच गोष्टीकडे लागलेले असते: जाळी पडते की नाही? पाव, ढोकळा, आंबोळी, बत्तासा या साऱ्यांची प्रतिष्ठा त्यांच्या पोटातील पोकळीवर अवलंबून आहे. धातूंच्या बाबतीत मात्र आपली समजूत नेमकी उलट असते. ओतीव कामात एखादा बुडबुडा राहून गेला, तर घंटेचा नाद बद्द होतो, पंपाचे आवरण गळू लागते आणि ओतारी ते ओतकाम निमूटपणे पुन्हा मुशीत टाकतो. धातू म्हटला की तो भरीव असावयाचा, ही आपली हजारो वर्षांची अपेक्षा. अशा स्थितीत मुद्दाम बुडबुडे भरून, अनारशासारखी जाळी पाडून धातू तयार करतात असे कोणी सांगितले, तर ते प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु असा धातू आज अस्तित्वात आहे. त्याला आपण धातुफेन, म्हणजे धातूचा फेस, असे म्हणू. या धातुफेनाची फळी प्रकाशाच्या किरणाने तापवून वाकवता येते. आणि त्या वेळी उष्णता तिच्या पोटातून कोणत्या वाटेने जाते, हा प्रश्न मोठा उद्बोधक आहे. आज त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम हा फेस तयार कसा होतो ते पाहू. कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील बेंजामिन सॉस्निक यांना १९४८ साली या विषयावरील पेटंट मिळाले. ॲल्युमिनिअममध्ये पारा मिसळून, तो उकळवून त्याच्या वाफेने धातू फुगवावा, अशी त्यांची योजना होती. पाऱ्याची वाफ विषारी. त्यामुळे ती पद्धत व्यवहारात रुळणे कठीणच होते. पुढे अधिक सोयीची रीत निघाली. ॲल्युमिनिअम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते. त्या रसात थोडे कॅल्शिअम घालून तो घोटला की दाट होतो; मग त्यात टायटेनिअम हायड्राइडची पूड टाकतात. उष्णतेने या पुडीतून हायड्रोजन वायू सुटतो, रस फुगतो आणि फुगलेल्या स्थितीतच तो थंड केला जातो. ढोकळ्याच्या पिठात सोडा जे काम करतो, तेच काम येथे हायड्राइड करते. पीठ पातळ असेल तर बुडबुडे वर येऊन फुटतात, म्हणून ते दाट हवे. कॅल्शिअमची योजना त्यासाठीच असते.

असा फेन हाती घेतला की प्रथम त्याच्या हलकेपणाचेच नवल वाटते. भरीव ॲल्युमिनिअमचा एक घन सेंटिमीटर तुकडा २.७ ग्रॅम भरतो. तेवढ्याच आकाराच्या फेनात धातू पुष्कळदा त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाच असतो. हा धातू चक्क पाण्यावर तरंगतो. काही फेनांत प्रत्येक कोठडी चहूबाजूंनी बंद असते, तर काहींत भिंती नसून केवळ काड्यांचा सांगाडा असतो. बंद कोठड्यांच्या फेनाची भिंत केसाच्या जाडीएवढी, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, आणि कोठडीची रुंदी काही मिलिमीटर, असे साधारण प्रमाण असते.

हा पदार्थ दाबला असता एकदम फुटत नाही. त्याच्या कोठड्या एकामागून एक चुरडत जातात आणि चुरडता चुरडता आघाताची शक्ती पोटात घेतात. मोटारगाडीची टक्कर झाली असता आतील माणसाच्या वाट्याला येणारा धक्का कमी व्हावा, यासाठी असा पदार्थ किती मोलाचा आहे हे सांगावयास नको. अडचण येते ती त्याला आकार देताना. फेन बहुधा सपाट फळीच्या किंवा ठोकळ्याच्या रूपात तयार होतो. गाडीच्या किंवा विमानाच्या अंगाला मात्र वळणे असतात. पत्र्यासारखी ही फळी दाबयंत्रात घालून वाकवू गेले, तर आतल्या बाजूच्या कोठड्या जागच्या जागी चेंगरतात आणि बाहेरच्या बाजूला ताण बसून भिंतींना तडे जातात. पाव दुमडला की बाहेरच्या अंगाला तो भेगाळतो, तसाच हा प्रकार होय. ज्या कोठड्यांनी टक्करीच्या क्षणी उपयोगी पडावयाचे, त्या कारखान्यातच खर्ची पडल्या तर तो खटाटोप व्यर्थ गेला. म्हणून फेनाला इजा न करता तो वाकवावयाचा कसा, हा प्रश्न केवळ कारागिरीचा राहत नाही. प्रवाशाच्या जिवाशी त्याचा संबंध पोचतो.

या ठिकाणी उष्णता मदतीला येते. उष्णतेने लोखंड फुगते आणि निवाल्यावर आखडते, हे आपल्या खेड्यातील लोहाराला पुस्तकावाचून ठाऊक आहे. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना तो ती लालभडक तापवतो, चाकावर चढवतो आणि वर पाणी ओततो. धाव आखडते आणि सारे चाक मुठीत धरल्यासारखे आवळते. जहाजबांधणीच्या कारखान्यांत हीच युक्ती निराळ्या रीतीने वापरतात. तेथील कुशल कामगार जाड पोलादी पत्र्यावर ज्योतीने ठरावीक रेषा तापवीत जातात आणि त्या रेषांच्या अनुरोधाने पत्रा हळूहळू हवे तसे वळण घेतो. ज्योतीच्या जागी लेसर किरण आला, की तिला लेसरने आकार देण्याची पद्धत म्हणतात.

लेसरचा इतिहास येथे थोडक्यात सांगतो. पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी १९६० साली माणकाच्या कांडीतून मिळवला. कारखान्यांत मोठी कामगिरी बजावणारा कार्बन डायऑक्साइड लेसर मात्र १९६४ चा. तो अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चंद्रकुमार पटेल यांनी सिद्ध केला. पटेल यांचा जन्म बारामतीचा आणि त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले, ही गोष्ट मराठी श्रोत्यांना ऐकावयास खचितच आवडेल. धातू वाकवण्याच्या प्रयोगांत हा लेसर पुष्कळ ठिकाणी वापरला गेला आहे.

आता लेसरने पत्रा वाकतो कसा ते पाहू. किरण पत्र्याच्या वरच्या पृष्ठावरून एका सरळ रेषेत फिरवतात. वरचा थर झपाट्याने तापतो; खालचा अजून थंडच असतो. तापलेला थर फुगू पाहतो, पण भोवतालचा थंड धातू त्याला पसरू देत नाही. उष्णतेने मऊ झालेला तो थर शेवटी आपल्याच जागी दबून आखूड होतो. किरण पुढे गेला, थर निवाला, की तो मूळच्यापेक्षाही आखडतो आणि पत्र्याला आपल्याकडे, म्हणजे किरणाच्या दिशेने, ओढून घेतो. पातळ पत्र्याला एका फेरीत एखाददुसऱ्या अंशाचा वाक मिळतो. अधिक हवा असेल तर फेऱ्या वाढवावयाच्या. जर्मनीतील फॉलर्ट्सेन व गायगर यांनी १९९० नंतरच्या वर्षांत या क्रियांची जी व्यवस्थित मांडणी केली, तीत हा प्रकार तापमानाच्या उताराचा म्हणून ओळखला जातो. वर ऊन आणि खाली थंड, असा उतार टिकला तरच ही क्रिया साधते. उष्णता चटकन खालपर्यंत पोचली, तर दोन्ही थर सारखेच फुगतील आणि वाक येणार नाही. सारांश, सर्व खेळ उष्णता किती वेगाने खाली उतरते यावर आहे.

उष्णतेच्या या प्रवासाचे शास्त्र ज्यांनी घालून दिले, ते जोसेफ फूरिए हे एक शासकीय अधिकारी होते. मी स्वतः शासकीय नोकरीत असल्यामुळे या गोष्टीचे मला विशेष अप्रूप वाटते. १८०२ मध्ये नेपोलियनने त्यांना फ्रान्समधील इझेर प्रांताचे प्रीफेक्ट नेमले. आपल्याकडील जिल्हाधिकाऱ्यासारखेच हे पद. रस्ते बांधणे, दलदली उपसणे ही कामे सांभाळून ग्रेनोबल येथे त्यांनी उष्णतेवर प्रयोग केले, १८०७ साली आपला प्रबंध पॅरिसच्या विद्वानांपुढे ठेवला, आणि १८२२ मध्ये त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला. त्यांचा नियम सोप्या शब्दांत असा: उष्णता उन्हाकडून थंडाकडे जाते, आणि तापमानाचा उतार जितका तीव्र तितका तिचा ओघ जोरदार असतो. कोणता पदार्थ हा ओघ कितपत वाहू देतो, ते त्या पदार्थाच्या वाहकतेवर अवलंबून असते.

फेनात ही वाहकता किती उरते? येथे वाटा तीन आहेत. पहिली वाट धातूच्या भिंतींमधून, दुसरी कोठडीतील वायूमधून आणि तिसरी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीकडे होणाऱ्या प्रारणाची. शुद्ध ॲल्युमिनिअमची वाहकता हवेच्या सुमारे नऊ हजार पट असल्यामुळे वायूची वाट नाममात्र ठरते. वायू कोठडीत फिरून उष्णता वाहून नेईल म्हणावे, तर तेवढ्याशा जागेत त्याला फिरावयास वावच नाही. कोठडी सुमारे एक सेंटिमीटरहून मोठी असल्यावाचून असे अभिसरण जाणवण्याजोगे होत नाही. गोधडीत ऊब राहते ती अशाच कोंडलेल्या हवेमुळे. ॲल्युमिनिअमची चकचकीत भिंत प्रारणही बेताचेच करते. तेव्हा जवळजवळ सारी रहदारी भिंतींवरूनच चालते. आणि या भिंती बारीक, वाकड्यातिकड्या, शिवाय जागोजाग तुटलेल्या. परिणामी, धातू दहाव्या हिश्शाने उरला तरी वाहकता दहाव्या हिश्शाने उरत नाही. अभियंत्यांच्या प्रचलित सूत्राप्रमाणे ती सुमारे पंचेचाळिसाव्या हिश्शापर्यंत उतरते. गावाची लोकसंख्या तेवढीच राहून हमरस्ता नाहीसा व्हावा आणि सगळ्यांना गल्लीबोळांतून जावे लागावे, त्यातलाच हा प्रकार.

पण याला आणखी एक बाजू आहे. फेनात धातू कमी असल्यामुळे तो तापवावयास उष्णताही कमी लागते. तेवढ्याच आकाराच्या भरीव तुकड्याच्या केवळ दहावा हिस्सा. तेव्हा वाहकता पंचेचाळीस पटींनी घटली, तरी तापमान पसरण्याची गती त्या प्रमाणात घटत नाही; ती साडेचार पटींनीच मंदावते. उदाहरणादाखल असे धरा की, १० मिलिमीटर रुंदीचा किरण सेकंदाला १० मिलिमीटर वेगाने सरकत आहे, म्हणजे प्रत्येक बिंदूवर तो एक सेकंद टिकतो. ढोबळ हिशेबाने तेवढ्या वेळात भरीव ॲल्युमिनिअममध्ये तापमानाचा परिणाम सुमारे १० मिलिमीटर खोल जाईल, आणि फेनात सुमारे ५ मिलिमीटर. १० मिलिमीटर जाडीची भरीव फळी एव्हाना तळापर्यंत कोमट होऊ लागली असेल. फेनाचा खालचा अर्धा भाग मात्र अद्याप थंड असेल. हवा असलेला उतार फेनात आपोआप टिकतो, तो असा.

याच हिशेबातून एक धोक्याची सूचनाही मिळते. पृष्ठभागावर सारखीच उष्णता शोषली गेली, तर फेनाच्या पृष्ठाचे तापमान भरीव धातूच्या सुमारे वीस पट चढू शकते. कारण ती उष्णता खालीही लवकर जात नाही आणि तिला सामावून घेणारा धातूही थोडाच असतो. म्हणजे जो गुण वाकवण्यास अनुकूल, तोच वितळण्यासही अनुकूल. किरणाची शक्ती थोडी कमी पडली तर फळी ढिम्म हलणार नाही. थोडी जास्त झाली तर जाळीचे पाणी होईल.

आतापर्यंत आपण जे आकडे मांडले, त्यांत एक गोष्ट गृहीत धरली होती: फेन हा जणू एकजिनसी, हलका, मंद वाहकतेचा पदार्थ आहे. ही सरासरीची रीत. सरकारी कचेरीत दिवसाचे दिवस सरासरीच्या संगतीत घालवणाऱ्या माझ्यासारख्याला तिचे गुणही ठाऊक आहेत आणि अवगुणही. नदीची सरासरी खोली कमरेइतकी आहे असा हिशेब करून सहकुटुंब पाण्यात उतरलेल्या आणि पैलतीरी एकटाच पोचलेल्या त्या हिशेबनिसाची लोककथा आपण सर्वांनी ऐकली आहे. त्याचा हिशेब बरोबर होता. कुटुंब तेवढे बुडाले. फेनाच्या बाबतीतही नेमका हाच प्रश्न उभा राहतो. फळीचे एकंदर तापमान सरासरीने सांगता येईल. परंतु अमुक एक भिंत वितळेल काय, हे सरासरी सांगू शकत नाही.

न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात लॉरेन्स याओ यांच्या प्रयोगशाळेतील टिझियन बुखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नात लक्ष घातले आणि २०१६ साली आपले संशोधन प्रसिद्ध केले. फेनाचे गणिती चित्र कितपत तंतोतंत असावे, हा त्यांचा विषय. असे चित्र तीन पायऱ्यांनी काढता येते. पहिली पायरी आपण पाहिलेल्या सरासरीची. दुसरीत फेन एकसारख्या, नियमित कोठड्यांचा मानतात. लॉर्ड केल्विन यांनी १८८७ मध्ये असा प्रश्न घातला होता की, सारख्या आकारमानाच्या कोठड्यांनी सर्व जागा भरावयाची आणि भिंती कमीत कमी लागू द्यावयाच्या, तर कोठडी कशी असावी? त्यांनी सुचवलेली कोठडी चौदा बाजूंची होती. सहा चौकोन आणि आठ षट्कोन. साबणाच्या फेसाचा विचार करताना सुचलेली ही आकृती आज धातूच्या फेसाला उपयोगी पडते. तिसऱ्या पायरीत प्रत्यक्ष तुकड्याचे क्ष-किरणांनी थरावर थर चित्रण करतात. रुग्णालयात मेंदूचे चित्रण करतात, तीच ही पद्धत. त्या चित्रणावरून प्रत्येक भिंत, प्रत्येक भोक जसेच्या तसे संगणकात उतरवले जाते.

चित्र जितके खरे, तितका हिशेब लांबतो, हे ओघानेच आले. पण त्यातून ज्या गोष्टी ध्यानात येतात, त्या सरासरीत कधीच दिसल्या नसत्या. पहिली गोष्ट अशी की, ठोकळ्यातून करवतीने कापलेल्या फळीच्या पृष्ठावर कोठड्यांची तोंडे उघडी पडलेली असतात. सपाट, स्वच्छ ॲल्युमिनिअम कार्बन डायऑक्साइड लेसरचा बहुतेक सर्व प्रकाश आरशासारखा परतवून लावते. उघड्या कोठडीत शिरलेला प्रकाश मात्र भिंतीभिंतीवर आपटत राहतो आणि प्रत्येक टक्करीत थोडा थोडा शोषला जातो. म्हणून फेन एकंदरीने अधिक उष्णता घेतो, आणि तीही निव्वळ पृष्ठावर न घेता काही खोलीपर्यंत घेतो. दुसरी गोष्ट अशी की, करवतीने अर्धवट कापलेल्या भिंतीचा कडेचा तुकडा उष्णतेला आंधळ्या गल्लीसारखा असतो. एका बाजूने उष्णता येते आणि पुढे जावयास मार्ग नसतो. अशी कड शेजारच्या जाड सांध्याच्या फार आधी वितळते. त्या क्षणी फळीचे सरासरी तापमान पाहिले, तर ते पुष्कळच खाली असू शकते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. भरीव पत्र्यात वरचा थर दबून आखूड होतो तेव्हा तो जाड होतो, कारण धातूला जावयास दुसरी जागाच नसते. फेनात मात्र जागा मुबलक असते. तेथे तापलेला थर फुगू लागला, की मऊ पडलेल्या भिंती वाकतात, कोठड्या थोड्या मिटतात आणि थर आखूड होतो. कोलंबियातील संशोधकांनी दाखवून दिले की, फेन वाकतो तो मुख्यतः भिंतींच्या या वाकण्यामुळे. म्हणून तापमानाच्या उताराची जुनी उपपत्ती फेनाला लावताना तिच्यात फरक करावा लागतो. वाक येतो तो वरच्या थराच्या आखडण्यातून. खालच्या थराला पोचणारा ताण थोडा असतो, आणि तोही फेरीफेरीने. दाबयंत्राखाली भेगाळणारी फळी किरणाखाली वळण घेते, याचे इंगित येथे आहे. रोम येथील तोर व्हेर्गाता विद्यापीठातील क्वाद्रिनी प्रभृती संशोधकांनी उघड्या जाळीच्या फेनावर असे यशस्वी प्रयोग २०१० च्या सुमारासच केले होते. कोठड्या मिटल्यामुळे वरच्या थरात धातू दाट होतो, म्हणून पुढच्या फेरीत उष्णतेची वाटही थोडी बदलते. पहिल्या फेरीचा हिशेब दहाव्या फेरीस जसाच्या तसा लागू पडत नाही.

मग सरासरी टाकाऊ समजावी काय? मुळीच नाही. फळी एकंदर किती वाकेल, किरण किती वेगाने फिरवावा, याचा पहिला अंदाज सरासरीच देते, आणि तो अल्प वेळात देते. कारखान्यात प्रत्येक फळीचे क्ष-किरण चित्रण करीत बसणे परवडणारे नाही. तारतम्य एवढेच ठेवावयाचे की, सरासरी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते आणि कोणत्या प्रश्नावर मौन पाळते, हे आधी जाणून घ्यावे. वळणाचा कोन विचारला तर ती बोलेल. टक्करीच्या क्षणी ज्या भिंतीवर भरवसा ठेवावयाचा, ती शाबूत आहे काय असे विचारले, तर त्या भिंतीपाशीच गेले पाहिजे.

फूरिए यांनी प्रांताचा कारभार पाहिला आणि उष्णतेचा ओघही मोजला. त्यांचा नियम आज धातूच्या फेसातील केसाएवढ्या भिंतीलाही तंतोतंत लागू पडतो. मात्र तो तिला लावताना ती भिंत कोठे आहे आणि कोठे तुटली आहे, हे ठाऊक असावे लागते. कारभाराचेही बहुधा असेच असते. जिल्ह्याची सरासरी कागदावर ठीक दिसत असताना एखाद्या वाडीचा रस्ता पावसाळ्यात तुटलेला असतो आणि तेथे पाठवलेले धान्य वाटेतच अडते. आकडे खोटे नसतात. त्यांना वाडी दिसत नाही, इतकेच. ती पाहावयाची असेल, तर कोठडी-कोठडीचा नकाशा हाती घ्यावा लागतो.